टपालाने शिकलेली नौकाविद्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करायची माझी ही पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढची शाळा खाडीपलीकडे होती, आणि मुलीला रोज तरीने एकटी पाठवायला घरचे तयार नव्हते. म्हणून ज्या विद्येला शाळेची पायरी चढावी लागत नाही, तिच्याविषयी आज चार शब्द सांगणार आहे.

घरबसल्या शिवण शिकतात, हिंदीच्या परीक्षा देतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण यॉट, म्हणजे हौसेची किंवा शर्यतीची नौका, तिचा आराखडा करायलाही टपालाने शिकता येते, असे कोणी सांगितले तर आपण हसू. अमेरिकेत मात्र १९३० सालापासून हे चालत आले. त्या वर्षी जेराल्ड टेलर व्हाइट नावाच्या नौकातज्ज्ञाने एका सहकाऱ्याबरोबर वेस्टलॉन ही शाळा काढली. धडे टपालाने यायचे. विद्यार्थ्याने दिवसभर आपली नोकरी करावी, रात्री जेवणाच्या टेबलावर कागद पसरून नकाशे काढावेत आणि ते धाडून द्यावेत. गुरुजी ते तपासून, चुका दाखवून परत पाठवीत.

अशा शिक्षणाने खरेच काही साधते का? दोन उदाहरणे सांगते. जॅक हारग्रेव्ह हे आधी जहाजावर नोकरी करीत. टपालाने शिकून ते नौकांचे आराखडे करू लागले. १९६० साली हॅटरस कंपनीची ४१ फुटी फायबरग्लासची नौका पाण्यात उतरली, ती त्यांच्याच आराखड्यावरून. एवढी मोठी नौका त्या मालाची करणे तेव्हा धाडसाचे मानीत. दुसरे रॉड जॉनस्टन. त्यांनी हाच अभ्यास घेतला होता, पण पुरा केला नव्हता. तरी जेवढे शिकले तेवढ्यावर त्यांनी घरच्या गॅरेजमध्ये २४ फुटी शिडाची नौका बांधली. १९७६ साली तिने शर्यती जिंकल्या, १९७७ पासून 'जे/२४' या नावाने ती कारखान्यात होऊ लागली, आणि तशा पाच हजारांवर नौका झाल्या. अर्धे शिक्षणही वाया जात नाही, ते असे!

आता ही विद्या असते तरी कशी? आपण पोलके बेततो ना, तशीच. कापड सपाट आणि अंग गोल. नौकेचेही तेच. तिचे अंग फुगीर, कागद सपाट. म्हणून तिची तीन चित्रे काढतात. एक बाजूने, एक वरून आणि एक समोरून. एका चित्रातला ठिपका जरा हलवला की उरलेल्या दोन चित्रांतही तो हलवावा लागतो. वळणदार रेघ काढायला एक लवचीक पट्टी घेतात आणि ती जागच्या जागी राहावी म्हणून तिच्यावर वजने ठेवतात.

पुढे येतो हिशेब. नौका जेवढ्या वजनाची, तेवढ्याच वजनाचे पाणी ती बाजूला सारते. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचे वजन सुमारे १,०२५ किलो भरते. म्हणून लाकूड, शीड, इंजिन, पाण्याची टाकी, बसणारी माणसे, सगळ्यांची वजने मांडायची आणि कोण कुठे आहे तेही लिहायचे. या वजनांचा मध्य आणि बुडालेल्या भागाचा मध्य एका उभ्या रेषेत आला, तर नौका सरळ तरंगते. नाहीतर नाक खुपसते. महिन्याच्या खर्चाची वही ठेवणारीला यात परके काय आहे?

हे मला कसे कळले? माझी थोरली मुलगी अशाच एका परदेशी संस्थेचा अभ्यास घरी बसून करते आहे. आता धडे संगणकावर येतात, तरी घरात आम्ही त्याला टपालाचा अभ्यासच म्हणतो. तिच्या पट्टीवर तिच्या आजोबांच्या दुकानातली जुनी वजने असतात. एकदा कागद डोळ्यांच्या पातळीला धरून पाहिला, तर रेघेत एका जागी उंचवटा दिसला. मी म्हटले, "अगं, इथे शिवण ओढल्यासारखी दिसते." तिने मोजून पाहिले. दोन मिलिमीटरचा फरक निघाला!

यात उणेही आहे. हातातली करवत आणि वाऱ्यातले शीड टपालाने येत नाही. ते बंदरावर जाऊनच शिकावे लागते. पण कागदाचे महत्त्वही थोडे नाही. आपल्या नौदलाच्या 'म्हादेई' आणि 'तारिणी' या ५६ फुटी नौकांचे आराखडे हॉलंडचे, आणि बांधणी गोव्याच्या कारागिरांची. 'तारिणी'तूनच १० सप्टेंबर २०१७ रोजी आपल्या सहा महिला अधिकारी गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी परतल्या. शीड सांभाळायला बायका चालतात, तर रेघ काढायला का चालू नयेत?

माझ्या मुलीच्या फीचा दुसरा हप्ता दिवाळीआधी भरायचा आहे. तिच्या लग्नासाठी म्हणून मी भिशीतून पैसे साठवले होते, त्यातून तो भरणार आहे. मागाहून कुजबुज व्हायला नको, म्हणून इथेच सांगून टाकते. तिच्या वडिलांना ते पटले आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना अजून पटलेले नाही. त्यांच्याशी मी बोलते आहे, आणि बोलत राहीन.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. आपली खोली दुपारी दोन ते चार रिकामी असते. तिथे एक मोठे टेबल आणि एक चांगला दिवा ठेवावा. घरी राहून परीक्षा देणाऱ्या सुना-मुलींना, आणि माझ्यासारख्या शिक्षण अर्धवट राहिलेल्यांनाही, तिथे बसू द्यावे. दिव्याचे पैसे मी देईन.