तक्त्यातली ओळ कोणाची?



बेंगळुरूत मराठी माणसे एकत्र जमून आकडेमोडीवर मराठीतून बोलतात, याचा आनंद मोठा आहे. या परिषदेच्या अध्यक्षपदाचा मान दिल्याबद्दल आयोजकांचे मनःपूर्वक आभार. या गावाला हा विषय नवा नाही. म्हैसूर रस्त्यावर भारतीय सांख्यिकी संस्थेचे केंद्र आहे, आणि ग्रंथांना नेमका क्रमांक देण्याचे शास्त्र रचणाऱ्या रंगनाथनांनी १९६२ साली त्याच संस्थेची प्रलेखन शाखा याच शहरात उभी केली. आजचा विषय मात्र अगदी पहिल्या पायरीवरचा आहे. ‘आर’ ही संगणकभाषा शिकणारा नवखा विद्यार्थी पहिल्याच तक्त्यापाशी का अडतो?

‘आर’चा जन्म न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातला. रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन प्राध्यापकांनी बेल प्रयोगशाळेतल्या ‘एस’ या जुन्या भाषेच्या वळणावर ती घडवली. १९९५ साली ती सर्वांना खुली झाली आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. तिला पैसे पडत नाहीत, म्हणून तालुक्याच्या कॉलेजातला मुलगाही ती आपल्या संगणकावर उतरवून घेतो. आज्ञा पाठ होतात आणि मग खरा तक्ता समोर येतो.

कर्नाटकाचाच तक्ता घ्यावा. २०११च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ६,१०,९५,२९७ भरली. जनगणनेच्या प्राथमिक सारणीत प्रत्येक जिल्ह्याच्या तीन ओळी असतात : एकूण, ग्रामीण आणि शहरी. विद्यार्थी सगळ्या जिल्ह्यांच्या ओळी घेतो, स्तंभाची बेरीज मागतो आणि उत्तर येते १२,२१,९०,५९४. बरोबर दुप्पट. आज्ञा बिनचूक होती, यंत्रानेही बेरीज चोख केली. एक ओळ म्हणजे एक जिल्हा, हे गृहीतक तेवढे खोटे होते.

पुढची अडचण तर याच गावाच्या नावाची. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातल्या १२ शहरांची इंग्रजी नावे बदलली. बँगलोरचे बेंगळुरू झाले, म्हैसूरचे म्हैसूरू, गुलबर्ग्याचे कलबुर्गी. मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचे बेळगाव सरकारी कागदावर बेळगावी झाले. आता एका बाजूला २०११चा तक्ता आणि दुसऱ्या बाजूला २०१४नंतरचा. विद्यार्थी नावाच्या स्तंभावरून दोन्ही जोडतो. ‘मर्ज’ ही आज्ञा, वेगळे काही सांगितले नाही तर, दोन्हीकडे सापडणाऱ्या ओळीच ठेवते. जुळल्या नाहीत त्या ओळी ती मुकाट्याने गाळते. बँगलोर जिल्ह्याची ९६,२१,५५१ आणि बेळगाव जिल्ह्याची ४७,७९,६६१ माणसे, म्हणजे या दोनच ओळींतली १,४४,०१,२१२ माणसे हिशेबातून जातात आणि पडद्यावर इशाऱ्याचा एक शब्द उमटत नाही. नावाच्या शेवटी चुकून राहिलेली एक मोकळी जागाही हेच करते.

उपाय साधा आहे. जोडणीआधी ओळी मोजाव्यात, जोडणीनंतर पुन्हा मोजाव्यात आणि न जुळलेल्यांची यादी काढावी. नावापेक्षा जनगणनेचा संकेतांक बरा, पण तोही जपून. ०१ हा संकेतांक आकडा म्हणून वाचला गेला की पुढचे शून्य गळते आणि उरतो नुसता १. म्हणून संकेतांक अक्षरे म्हणूनच वाचायला सांगावे.

आपल्या लिहिण्याच्या पद्धतीतूनही काही अडचणी येतात. लाख-कोटींचे स्वल्पविराम घातलेला आकडा ‘आर’ला मजकूर वाटतो. देवनागरीत लिहिलेला ४७ तिला आकडा वाटत नाही, त्याजागी ती ‘एन-ए’, म्हणजे माहिती नाही, अशी खूण ठेवते. निदान इशारा तरी देते. एप्रिल २०२०मध्ये ४.० आवृत्ती आली, तोवरची गोष्ट अधिक घातकी होती. मजकुराचा स्तंभ आपोआप गटांत वाटला जाई आणि त्याचे आकड्यांत रूपांतर करायला गेले की लोकसंख्येऐवजी गटाचा अनुक्रमांक हाती येई. तीस जिल्ह्यांच्या तक्त्यात एखाद्या जिल्ह्याची लोकसंख्या १७ निघायची.

‘एन-ए’पाशी थोडे थांबायला हवे. ‘आर’सोबतच न्यूयॉर्कच्या हवेचा एक तक्ता येतो : १९७३च्या मे ते सप्टेंबरचे १५३ दिवस. त्यात ओझोनची नोंद ३७ दिवस नाही. सरासरी मागितली तर उत्तर येते ‘एन-ए’ आणि विद्यार्थी वैतागतो. कोणी सांगते, रिकाम्या जागी शून्य भर. तसे केले की सरासरी ३१.९ येते. रिकाम्या नोंदी वगळल्या तर ४२.१. पहिले उत्तर चूक आहे, कारण त्या ३७ दिवशी हवेत ओझोन नव्हता असे कोणीच म्हटलेले नाही. दुसरे उत्तर ११६ दिवसांचे आहे, आणि ते तसे लिहूनच पुढे द्यायला हवे.

सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी नोंद घेतानाच होणारी चूक शेताच्या बांधावर पाहिली होती. १९४०च्या दशकात पीककापणीच्या पाहण्यांत त्यांनी दाखवून दिले, की मोजणीचा वाफा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसते. मोजणाऱ्याच्या हातून कडेवरची रोपे आत धरली जातात आणि वाफा जितका लहान, तितका कडेचा वाटा मोठा. म्हणजे चूक आकडेमोड सुरू होण्याआधीच तक्त्यात येऊन बसलेली असते. ‘आर’ शिकवणाऱ्या वर्गात सुखात्म्यांचे नाव घेतले जावे, ते यासाठी.

नवख्याने ‘माझे चालत नाही’ म्हणून मदत मागितली की जाणकार बहुधा तयार आज्ञा पुढे करतात. ती आज्ञा चालते आणि प्रश्न तिथेच राहतो. त्याऐवजी त्याला पाच-सहा ओळींचा छोटा तक्ता करून आणायला सांगावे, हवे ते उत्तर आधी कागदावर काढायला लावावे आणि मग विचारावे : यातली एक ओळ कोणाची आहे? या प्रश्नाचे उत्तर मुलगा घरच्या भाषेत चटकन देतो. इंग्रजीत तो शब्द शोधत बसतो आणि तेवढ्यात तक्ता त्याच्या हातून निसटतो. मराठीतून हा विषय शिकवायचा आग्रह आहे, तो याच कारणासाठी.

दुपारच्या सत्रात प्रत्येक गटापुढे कर्नाटकाचा तोच जनगणना-तक्ता येईल. जमलेल्या विद्यार्थ्यांना विनंती एवढीच, की पहिला अर्धा तास एकही आज्ञा लिहू नये. ओळी वाचाव्यात, ग्रामीण ३,७४,६९,३३५ आणि शहरी २,३६,२५,९६२ यांची बेरीज हाताने करावी, ती ६,१०,९५,२९७ येते का पाहावे, आणि मग कळफलक पुढे ओढावा.