सात नंबरचा रॉब

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला ‘मैत्री’ या विषयावर बोलायला सांगितलंय. त्यासाठी आपल्याकडे फारशा न खेळल्या जाणाऱ्या खेळातल्या एका माणसाची गोष्ट सांगते. खेळ रग्बी लीग, माणूस रॉब बरो.

रग्बी लीग हा उत्तर इंग्लंडमधल्या गिरणी आणि खाणकामगारांचा खेळ. सामन्यापायी बुडालेला रोज भरून मिळावा, या मागणीवरून १८९५ मध्ये तिथले क्लब मूळ रग्बीतून फुटले. संघात १३ जण. चेंडू हातात घेऊन पळायचं, पण पुढे फेकायचा नाही. समोरच्यांनी सहा वेळा पाडलं की चेंडू त्यांचा. कबड्डीतली पकड पूर्ण वेगात धावणाऱ्यावर व्हावी, तसं हे प्रकरण. खेळाडू धिप्पाड, बरेचसे शंभर किलोच्या आसपासचे.

त्यात रॉबची उंची ५ फूट ५ इंच! ‘हा फार लहान आहे’ हे त्याने आयुष्यभर ऐकलं. तरी २००१ ते २०१७ तो एकाच क्लबकडून, लीड्स ऱ्हायनोजकडून, ४९२ सामने खेळला आणि आठ वेळा सुपर लीगचं विजेतेपद जिंकला. २०११ च्या अंतिम सामन्यात राखीव खेळाडू म्हणून उतरला, पकडणाऱ्याच्या हाताखालून वाकून सटकला आणि एकट्याने पळत ट्राय केला. सामनावीरासाठी सगळीच्या सगळी मतं त्याला पडली.

निवृत्तीनंतर दोनच वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, त्याला मोटर न्यूरॉन डिसीज झाल्याचं निदान झालं. स्टीफन हॉकिंग यांना झालेला हाच आजार. वय ३७, घरी तीन लहान मुलं. हळूहळू हातपाय गेले, वाचाही गेली. पुढे तो डोळ्यांच्या हालचालींवर चालणाऱ्या संगणकातून बोलू लागला. जुन्या मुलाखतींतून त्याचाच आवाज त्या यंत्रासाठी तयार केला होता. सॉफ्टवेअरमध्ये माझी वीस वर्षं गेली. इतकं उपयोगी पडलेलं सॉफ्टवेअर मी फार थोडं पाहिलंय.

आता त्याचा मित्र. केव्हिन सिनफिल्ड, लीड्सचा त्या काळातला कर्णधार. रॉबची जर्सी सात नंबरची, म्हणून डिसेंबर २०२० मध्ये तो सात दिवसांत सात मॅरेथॉन धावला. जमवायचे होते ७७,७७७ पौंड. जमले दहा लाखांहून जास्त. मे २०२३ मध्ये लीड्स मॅरेथॉनमध्ये त्याने रॉबला चाकांच्या खुर्चीतून ढकलत नेलं, आणि शेवटची रेषा त्याला उचलून घेऊन ओलांडली.

२ जून २०२४ रोजी रॉब गेला. दुसऱ्याच दिवशी, आधी ठरल्याप्रमाणे, लीड्समध्ये त्याच्या नावाच्या उपचार केंद्राचं काम सुरू झालं.

आपण पंचेचाळिशीच्या आसपास आलो आहोत. ग्रुपवर आता वाढदिवसांबरोबर रिपोर्ट आणि ऑपरेशनच्या बातम्याही येतात. आपण हात जोडल्याची चित्रं टाकतो, आणि पुढचा मेसेज वाचतो. सात मॅरेथॉन आपल्याला झेपणार नाहीत. पण एसटीचं एक तिकीट, डबा, हॉस्पिटलात एका रात्रीची सोबत, एवढं नक्की जमेल. आज घरी जाताना, जे येऊ शकले नाहीत त्यांची यादी करूया आणि एकेक नाव वाटून घेऊया. दोन नावं माझ्याकडे द्या.