मागच्याला सांगणारा दिवा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मोटारीला जेवढे दिवे असतात त्यांत एक दिवा असा आहे की, तो चालवणाऱ्याला कधी दिसतच नाही. हेडलाइट गेला तर रस्ता अंधारतो. इंडिकेटरचा बल्ब गेला तर बहुतेक गाड्यांत त्याची टिकटिक एकदम जलद होते आणि आपले कान टवकारतात. ब्रेक लाइटचं तसं नाही. तो आपण पाय दाबल्यावर मागे पेटतो आणि त्या वेळी आपली नजर पुढे असते. तो गेला तरी गाडी चालते, ब्रेकही नेहमीसारखाच लागतो. कुणी सांगेपर्यंत पत्ता लागत नाही.

हा दिवा आपल्यासाठी नाहीच. तो मागून येणाऱ्यासाठी आहे. ताशी ८० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. पुढची गाडी थांबते आहे हे मागच्याला एक सेकंद उशिरा कळलं, तर ते २२ मीटर गेलेच. खंडाळ्याच्या घाटात पावसाचं धुकं उतरलेलं असतं, तेव्हा पुढच्या गाडीचा आकार नीट दिसत नाही, दिसतात ते दोन लाल ठिपके. ते ठिपके एकदम ठळक झाले की मागच्याचा पाय आपोआप ब्रेककडे जातो. ते ठळक झालेच नाहीत तर?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. साध्या बल्बच्या अनेक गाड्यांत मागच्या लाल दिव्यात एकच बल्ब असतो, पण त्याच्या पोटात तारा दोन असतात. एक ५ वॅटची. ती रात्री दिवे लावले की मंद जळते. दुसरी २१ वॅटची. ती ब्रेक दाबला की पेटते. यातली २१ वॅटची तार तुटली, तरी ५ वॅटची जळतच राहते. रात्री गाडीमागून फेरी मारणाऱ्याला वाटतं, दिवा तर लागलाय! मागून येणाऱ्यालाही लाल दिवा दिसत असतो, फक्त तो बदलत नाही. अजिबात न लागणाऱ्या दिव्यापेक्षा हा दिवा जास्त फसवा.

मागच्या काचेजवळ मधोमध जो तिसरा ब्रेक लाइट असतो, त्याचीही एक कथा आहे. जॉन व्होएव्होड्स्की या मानसशास्त्रज्ञानं सॅन फ्रान्सिस्कोतल्या टॅक्सींना असा जादा दिवा लावून पाहिला आणि १९७४ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. पुढे अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्यानं १९९८ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा मागून आदळण्याचे अपघात या दिव्यामुळे ४.३ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. आकडा लहान वाटेल, पण एका साध्या दिव्याचं हे काम आहे. आपल्याकडेही १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ब्रेक लाइट चालू असणं बंधनकारक आहे.

आता तपासायचं कसं? कुणाला तरी गाडीमागे उभं करा आणि पेडल दाबा. काही गाड्यांत त्यासाठी किल्ली फिरवावी लागते. घरात कुणी नसेल, तर तिन्हीसांजेला गाडी मागे घेऊन भिंतीजवळ उभी करा आणि आरशात पाहा. भिंतीवर दोन्ही बाजूंना सारखा लाल उजेड पडला पाहिजे.

एकाच बाजूचा दिवा लागत नसेल, तर दोष बहुधा बल्बचा. तिन्ही लागत नसतील, तर आधी फ्यूज आणि पेडलजवळचा स्विच यांच्यावर संशय घ्यावा. आणि पाय काढला तरी दिवे जळतच राहिले, तर तो स्विच अडकलाय किंवा पेडलवरचं त्याचं रबर पडलंय असं समजावं. सकाळी बॅटरी उतरलेली मिळायच्या आत तो मेकॅनिकला दाखवावा.

बल्ब बदलायला एक स्क्रू ड्रायव्हर, एक स्वच्छ फडकं आणि पंधरा-वीस मिनिटं पुरतात. इंजीन बंद, दिवे बंद, हँडब्रेक वर. गाडी नुकतीच चालवून आणली असेल, तर बल्ब थोडा गार होऊ द्या. डिकी उघडली की पुष्कळ छोट्या गाड्यांत दिव्याच्या आतल्या कडेला दोन स्क्रू दिसतात. ते काढून संपूर्ण दिवा सरळ आपल्याकडे ओढायचा. तिरका ओढू नका. बाहेरच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात, त्या मोडतात. डिकी बाहेर आलेल्या गाड्यांत बहुधा आतलं अस्तर बाजूला केलं की बल्बचा होल्डर हाताला लागतो. आपल्या गाडीची रीत गाडीबरोबरच्या पुस्तकात दिलेली असते.

होल्डर घड्याळाच्या उलट दिशेनं थोडा फिरवला की सुटतो. मग बल्ब किंचित आत दाबून, त्याच दिशेनं फिरवून बाहेर काढायचा. काच काळवंडलेली किंवा तार तुटलेली दिसली की निदान झालं. जुना बल्ब खिशात टाकून दुकानात न्या आणि तसाच मागा. दुकानदार याला ‘डबल कॉन्टॅक्ट’ म्हणतात. त्याच्या बुडाशी दोन ठिपके असतात आणि बाजूच्या दोन खुंट्या एका उंचीवर नसतात, वरखाली असतात. म्हणून तो एकाच बाजूनं बसतो. बसत नसेल तर अर्धा वळसा फिरवून पाहा, जोर करू नका. जबरदस्तीनं उलटा बसवला, तर रात्री मागचा दिवा भगभगीत आणि ब्रेक दाबल्यावर मंद, असा उलटा कारभार होतो. काही गाड्यांत पितळी टोपी नसलेला, सरळ खेचून निघणारा काचेचा बल्ब असतो; तो सरळ ढकलूनच बसवायचा.

बल्ब धडधाकट दिसला, तर दुसऱ्या बाजूचा बल्ब इकडे लावून पाहा. तोही लागला नाही, तर दोष होल्डरचा. आपल्याकडच्या पावसात, विशेषतः कोकणच्या खाऱ्या हवेत, आतल्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. बारीक पॉलिश पेपरनं तो हलक्या हातानं घासला की काम होतं. दिवा परत बसवण्यापूर्वी एकदा ब्रेक दाबून खात्री करा. कडेचं रबर जागेवर बसलंय ना, हेही पाहा. नाहीतर पावसाचं पाणी आत शिरतं. स्क्रू बेतानंच आवळा, प्लॅस्टिक तडकतं. आणि एक बल्ब गेला असेल तर दुसराही त्याच वयाचा आहे, हे लक्षात ठेवून जोडीच बदला. दोघांच्या चहा-नाश्त्याच्या पैशांत जोडी येते.

फ्यूज गेला असेल, तर त्यावर लिहिलेल्या अँपिअरचाच दुसरा लावा. मोठ्या अँपिअरचा फ्यूज, तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी हे उपाय करू नका. फ्यूज जळतो तो वायरिंग जळू नये म्हणून. नवा फ्यूजही लगेच गेला, तर कुठेतरी वायर उघडी पडली आहे. तिथे घरगुती दुरुस्ती थांबवून इलेक्ट्रिशियनकडे जावं. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत एलईडीचे दिवे असतात. साध्या बल्बची तार पूर्ण तापायला सुमारे एक पंचमांश सेकंद घेते, एलईडी मात्र दाबताक्षणी पेटतो. ताशी ८० च्या वेगानं हा फरक चार मीटरहून अधिक होतो. पण तो बिघडला तर बऱ्याचदा संपूर्ण दिवाच बदलावा लागतो. ते काम घरचं नाही.

दुचाकीवाल्यांनीही हे मनावर घ्यावं. तिथे पायाचा ब्रेक आणि हाताचा ब्रेक, दोन्ही वेगवेगळे दाबून दिवा लागतो का ते पाहावं. बऱ्याच गाड्यांना दोन्हीकडे स्वतंत्र स्विच असतात.

महिन्यातून एकदा टायरची हवा तपासता, त्याच दिवशी हेही तपासा. आणि सिग्नलला पुढच्या गाडीचा ब्रेक लाइट बंद दिसला, तर शेजारी गाडी आली की काच खाली करून तेवढं सांगा. त्याला तो दिसत नाही, तुम्हाला दिसतो आहे.