हसणाऱ्याने कुठे बसावे?



नम्रतेवर बोलायचं म्हणून माणसाला फेटा बांधायचा, हार घालायचा आणि उंच खुर्चीवर बसवायचं, हा संयोजकांनी केलेला आजचा पहिला विनोद. तो मुकाट मान्य करून सुरुवात करतो.

नम्रता म्हणजे स्वतःला हसता येणं. दुसऱ्याला हसायला माणसाला शिकवावं लागत नाही. स्वतःला हसणं मात्र कमवावं लागतं, आणि ती कमाई वऱ्हाडात पिढ्यान् पिढ्या झाली आहे. खामगाव, जळगाव जामोदकडे वकिली करणाऱ्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी रूढींची टर उडवली, पण उपदेशकाचा आव आणला नाही. त्यांनी सुदामा नावाचं पात्र उभं केलं: जुन्या चालींची बाजू निष्ठेनं घेणारा आणि ती घेतानाच उघडा पडणारा. वाचक आधी त्याला हसतो, मग त्याला आपल्याच घरची माणसं दिसू लागतात. गाडगेबाबा आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात अडाण्यासारखे प्रश्न विचारायचे. उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून निघायचं आणि त्यांनाच लागायचं. दिवसभर आपलं गाव झाडणाऱ्याचा राग कोण धरणार?

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात बोरीअरबच्या शंकर बडेंनी ‘बॅरिस्टर गुलब्या’तून आणि नेर तालुक्यातल्या धनज माणिकवाड्याच्या डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांनी ‘मिर्झा एक्स्प्रेस’मधून हा वारसा चालवला. ज्या वऱ्हाडी बोलीला शहरात नाकं मुरडली जातात, तिच्यातच त्यांनी सभागृहं हसवली.

आता कापूस खरेदीचा काटा डोळ्यांपुढे आणा. सरकारी खरेदीत ओलावा आठ टक्क्यांवर गेला की भाव कापतात, बारावर गेला की माल परत. खासगी व्यापारी मात्र ढिगात कोपरापर्यंत हात खुपसतो आणि म्हणतो, “ओलावा लय हाये.” समजा, शेतकरी म्हणाला, “शेठजी, थो माहा घाम हाये, वाळाले टाइम लागते.” सगळा काटा हसेल, आणि व्यापाऱ्यालाही हसावं लागेल. शेतकऱ्याने विनोद स्वतःच्या घामावर केला, पण बोट बरोबर काट्याकडे दाखवलं. ही नम्रता आहे, लाचारी नव्हे.

अशा विनोदानं भाव वाढत नाही, हेही खरं. ज्या जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्यानं १९८६ साली कुटुंबासह आयुष्य संपवलं, त्या जिल्ह्यात शेतकऱ्याला ‘हसतमुख राहा’ असं सांगण्याचा अधिकार फेटेवाल्यांना नाही. तो हसतो, हा त्याचा कणखरपणा. त्यावर आपण आपली जबाबदारी झटकू नये.

माणसाची पारख करायची तर त्याला विनोद सांगता येतो का, हे पाहू नका. विनोद फिरत फिरत त्याच्यापाशी आला की तो हसतो का, ते पाहा. साहेब हसला म्हणून हसणारे पुष्कळ असतात, शिपाई आपल्याला हसला तर खपवून घेणारे थोडे.

एवढीच विनंती: ज्या विनोदात आपण स्वतः कुठेच नाही आणि आपल्याहून दुबळा माणूस मात्र आहे, तो ओठांवर आला तरी गिळून टाका.