एस्चीट : एका शब्दाची वंशावळ

चेन्नईच्या टी. नगरात, म्हणजे त्यागरायनगरात, पनगल पार्काभोवती आज सोन्याच्या आणि रेशमाच्या दुकानांची दाटी आहे. १९२० नंतरच्या दशकात मांबळमचा तलाव बुजवून ही वस्ती उभी राहिली. येथील एखाद्या घराचा धनी मृत्युपत्र न करता वारला आणि वारसही उरला नाही, तर ते घर कोणाचे? या प्रश्नाच्या उत्तरासाठी इंग्रजी कायद्याने एक शब्द योजिला होता : एस्चीट.

शब्द जुन्या फ्रेंचमधला, मुळात लॅटिन. अर्थ, गळून पडलेले. सरंजामशाहीत जमीन ही वरिष्ठ सरदाराकडून धारण केलेली असे. धारक निर्वंश झाला किंवा घोर अपराधात दोषी ठरला, की ती सरदाराच्या पदरात पडे. राजासाठी अशा मिळकती हुडकणारे अधिकारी ते ‘एस्चीटर’. त्यांनी लोकांना इतके नाडले, की ‘चीट’ हा फसवणुकीचा शब्द त्यांच्याच व्यवसायातून जन्मला. आपली मुले खेळताना ‘चीटिंग’ म्हणून ओरडतात, त्यामागे हा इतिहास आहे.

या तत्त्वाची राजकीय आवृत्ती मराठी माणसाच्या परिचयाची आहे. तंजावरचे अखेरचे भोसले राजे शिवाजी १८५५ साली पुत्रावाचून वारले. कंपनीने राजपद संपल्याचे ठरविले आणि पुढल्या वर्षी राजवाड्यासह खासगी संपत्तीवरही जप्ती आणली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली. राज्य गेले तरी पतीचे खासगी धन विधवेचे, हे त्यांचे म्हणणे. कोर्टाने ते मान्य केले. परंतु १८५९ साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरविला : ही राज्यसत्तेची कृती आहे, तिची योग्यायोग्यता न्यायालयाने पाहावयाची नाही. पुढे १८६२ साली सरकारने ती संपत्ती राजकुटुंबाला परत केली. मात्र हक्क म्हणून नव्हे, कृपा म्हणून.

१८६० साली मच्छलीपट्टणच्या खटल्यात निर्वंश ब्राह्मणाच्या मिळकतीचा प्रश्न आला. ब्राह्मणाचे धन राजाने घेऊ नये, असा मनूचा दंडक. प्रिव्ही कौन्सिलने तेथेही सरकारचा हक्क उचलून धरला.

इंग्लंडने १९२५ च्या कायद्याने वारसाअभावीचे एस्चीट मोडीत काढले. भारतात १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बेवारस मिळकत सरकारजमा करतो. परंतु मृताची देणी आणि जबाबदाऱ्याही सरकारच्याच माथी मारतो. जुन्या एस्चीटरला हे कलम मुळीच रुचले नसते.