मुक्कामाचे महत्त्व

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



हिमालयाची पहिली ओळख मला याच ग्रंथालयाने करून दिली. शाळकरी वयात येथील बाकावर बसून एव्हरेस्टची वर्णने वाचली आणि एकसष्टाव्या वर्षी, २०१८ च्या ऑक्टोबरात, एका वकीलमित्रासह मी त्या वाटेला लागलो. शिखर आमच्या आवाक्यातले नव्हतेच; जायचे होते ते ५,३६४ मीटर उंचीवरील तळछावणीपर्यंत. आज मी बोलणार आहे ते त्या वाटेवरील मुक्कामांविषयी.

पदयात्रा सुरू होते लुक्ला येथे. तेथील धावपट्टी १९६४ मध्ये सर एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने तयार झाली. पुढे मोटार नाही, रस्ता नाही. तांदूळ, रॉकेल, पत्रे, सारे काही याकांच्या, खेचरांच्या किंवा हमालांच्या पाठीवरून वर जाते. म्हणूनच उंची वाढते तसतशी चहाच्या पेल्याची किंमतही वाढत जाते. खोलीचे भाडे मात्र नाममात्र असते. जेथे राहाल तेथेच जेवावे, हा अलिखित करार.

खोली म्हणजे प्लायवूडच्या भिंती आणि दोन अरुंद खाटा. शेजारच्या खोलीतला अनोळखी माणूस खोकला, की आपली झोप मोडते. लॉजचा खरा जीव असतो जेवणघरात. मधोमध लोखंडी शेगडी. वरच्या उजाड गावांत लाकूड नाही, म्हणून तीत याकच्या शेणाच्या गोवऱ्या जळतात. तिच्याभोवती देशोदेशीची माणसे ओले मोजे वाळवीत बसतात. दाल-भाताचे ताट आले, की दुसरी वाढ विनामूल्य. एका कोपऱ्यात प्रवाशांनी मागे ठेवलेल्या पुस्तकांची फळीही असते. ना ग्रंथपाल, ना वर्गणी. तरी ते ग्रंथालयच!

पण या मुक्कामांचे प्रयोजन केवळ विसाव्याचे नाही. तळछावणीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. शरीर या विरळ हवेशी जुळवून घेते; परंतु त्याला दिवस द्यावे लागतात. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, असा संकेत आहे. नामचे बाजार येथे आम्ही तो पाळला. फेरिचे येथे मोडला. परतीचे आरक्षण हुकेल, ही धास्ती! फेरिचे येथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे आरोग्यकेंद्र आहे. हंगामात तेथील डॉक्टर रोज दुपारी उंचीच्या आजारावर माहिती देतात. ‘‘भाषणे काय थोडी ऐकली?’’ असे म्हणून आम्ही चहा घेत बसलो.

दुसऱ्या दिवशी सुमारे ४,९०० मीटरवरील लोबुचे येथे पोहोचलो. मित्राचे डोके सकाळपासून दुखत होते, हे मी ताडले होते. त्यांनी सांगितले नाही. मी विचारले नाही. त्यांना अभिमान आड आला आणि मला लोभ. तळछावणी आता एका दिवसावर होती.

रात्री जेवणघरात त्यांना बुटाची नाडी बांधता येईना. लॉजची मालकीण शेर्पा बाई. तिने त्यांना फरशीच्या रेघेवर, पावलाला पाऊल लावून चालायला सांगितले. ते तिसऱ्या पावलाला झोकांडले. ती आमच्या वाटाड्याला एवढेच म्हणाली, ‘‘सकाळची वाट पाहू नका.’’

विजेरीच्या उजेडात आम्ही उतरू लागलो. थुकला खिंडीत एव्हरेस्टवर प्राण गमावलेल्यांची स्मारके आहेत. दगडांचे चौथरे, त्यांवर नावे. कितीतरी नावे शेर्पांची. आदल्या दिवशी मी त्यांची छायाचित्रे काढली होती. त्या रात्री नावे वाचण्याचे धैर्य झाले नाही. मित्र माझ्या खांद्यावर रेलून चालत होते आणि मध्येच विचारीत होते, ‘‘आपण वर चाललोय ना?’’ मी ‘‘हो’’ म्हणत होतो.

फेरिचे येथे त्यांना प्राणवायू लावला. डॉक्टर म्हणाले की, खरे औषध म्हणजे खाली उतरणे, आणि ते तुम्ही वेळेत घेतलेत. दोन दिवसांत त्यांची चाल सरळ झाली. तळछावणी मी पाहिली नाही, आणि त्याची रुखरुख मुळीच नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. परंतु त्याहून मोठी खंत आहे ती त्या सकाळच्या माझ्या मौनाची. डोंगरात सोबत्याला ‘‘बरे वाटते ना?’’ एवढे विचारणे, हे दोराइतकेच आवश्यक साधन आहे.

ते मित्र आज पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांच्या संमतीनेच हे सांगितले. आपल्यापैकी कोणी त्या वाटेने जाणार असेल, तर परतीच्या आरक्षणात दोन दिवस मोकळे ठेवावेत आणि फेरिचे येथील दुपारचे भाषण मात्र चुकवू नये.