कंदील, तिकीट आणि विश्वास

(हीरक महोत्सवानिमित्त लखनौच्या वृंदावन योजनेत भरलेल्या माजी विद्यार्थी-पालक स्नेहमेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



रेल्वेतून निवृत्त होऊन याच वसाहतीत स्थिरावलेल्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने समोरच्या टेबलावर जुन्या वस्तू मांडल्या आहेत : पुठ्ठ्याची तिकिटे, लाल-हिरव्या काचांचा हातकंदील आणि टोकनची पिशवी अडकवण्याचे मोठे कडे. त्या पाहताना मला एक रद्द झालेली सहल आठवली.

२ जून २०२३ रोजी ओडिशात बालासोरनजीक भीषण अपघात झाला. जवळजवळ तीनशे माणसे गेली. त्यानंतरच्या हिवाळ्यात आमच्या सहलीची निम्मी संमतिपत्रे सहीविना परत आली. ‘बसने नेत असाल तर पाठवतो,’ असे काहींनी कळवले. मी आकडे पुढे केले : २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली होती. आकडे खरे होते. पण आईची भीती आकड्यांनी ओसरत नाही, हे मी विसरले. ती चूक माझी.

भीती नवी नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी निघाली, तेव्हाही बैलाविना धावणाऱ्या त्या गाडीविषयी लोकांच्या मनात कुतूहलाइतकाच धाक होता. तो निवला कशाने? या कड्यासारख्या वस्तूंनी. एकेरी मार्गावर दोन स्थानकांची टोकन-यंत्रे अशी जोडलेली असत की एका वेळी एकच टोकन बाहेर निघे; ते हाती आल्याविना चालक गाडी पुढे नेत नसे. इथल्या हिवाळ्यातील दाट धुक्यात रुळांवर फटाके ठेवतात. ते चाकाखाली फुटले की सिग्नल जवळ आल्याचे चालकास कळते. विश्वास असा शिस्तीतून उभा राहतो, आणि शिस्त ढळली की कोसळतो. बालासोरच्या चौकशीत सिग्नलच्या जोडणीतील चुकाच पुढे आल्या.

ती चौकशी रेल्वे सुरक्षा आयोगाने केली. त्याचे मुख्यालय याच लखनौत आहे, आणि तो रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. चूक करणाऱ्यानेच स्वतःची परीक्षा तपासू नये, हा त्यामागील विचार शाळेलाही शिकण्याजोगा आहे. १९५६ मध्ये अरियालूरच्या अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रिपद सोडले, तेही आपण मुलांना सांगतो. ‘चुकलो’ म्हणणाऱ्यावरच माणसे पुन्हा विश्वास टाकतात.

हा कंदील आजपासून शाळेचा आहे. येत्या हिवाळ्यात मुलांना गाडीनेच लखनौ दाखवावे, अशी माझी इच्छा आहे. या वेळी संमतिपत्राआधी पालकसभा होईल. प्रत्येक डब्यात किती शिक्षक असतील, रात्री कोण जागे राहील, हे मी स्वतः सांगेन. मग सही करायची की नाही, ते आपण ठरवावे.